चवथीला उघड्या अंगानं पूजेला बसायची धास्ती वाटते

‘ताई, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. उंची 5 फूट 8 इंच, वजन 52 किलो. दहावीपासून गावात आणि चुलतभावांत माझं नाव ‘गालमो’, म्हणजे वाळवलेलं बारीक सुंगट, कोळंबी. हॉस्टेलवर आल्यावर जिम लावली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जातो. पावडरच्या डब्यांवर 14 हजार रुपये गेले, ते आईकडून प्रोजेक्टसाठी म्हणून घेतले. वजन 2 किलोही वाढलं नाही. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा मी पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालतो. जर्सीत हात दिसतात म्हणून फुटबॉल सोडला. पावसात पोरं व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, आंघोळीला जातात, मी जात नाही. ग्रुप फोटो निघायची वेळ आली की फोन मीच हातात घेतो, म्हणजे मी फोटोत येत नाही. रोज दंडाला टेप लावून मापतो. नेटवर बघून आरशासमोर ‘मी देखणा आहे, मी बलवान आहे’ असं म्हणतो, पण आपण खोटं बोलतोय असंच वाटतं. गेल्या महिन्यात जिमसाठी गाइडबरोबरची मीटिंग चुकवली.

यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे चवथीला गणपतीच्या पूजेला मला बसायचंय. सोवळं नेसून, उघड्या अंगानं, सगळ्या घराण्यासमोर. जिममधला एक जण म्हणतो, तीन महिन्यांचा इंजेक्शनचा कोर्स घे, चवथीपर्यंतच फरक दिसायला लागेल. घेऊ का? की काहीतरी निमित्त काढून घरी जाऊच नको? हे विचार डोक्यातून काढायला काही उपाय आहे का? आणि पैशांचं आईला सांगू का? मुलगा असून असलं काय लिहितो म्हणून हसू नका.’

हसण्यासारखं तुझ्या पत्रात काहीच नाही. मुली वजनाबद्दल, रंगाबद्दल लिहितात, कधी त्यांच्या आया लिहितात. मुलगे लिहीत नाहीत. त्यांचं दुखणं घरच्यांना कळतं ते बहुतेक वेळा पैसे संपल्यावर किंवा अंगावर काहीतरी उठल्यावर. तू त्याआधी लिहिलंस, आणि काय काय करून पाहिलंस तेही न लपवता सांगितलंस. त्या तपशिलामुळेच मला तुला नेमकं काही सांगता येईल.

इंजेक्शनचं आधी बोलू, कारण ते उद्यावर येऊन ठेपलेलं असू शकतं. घेऊ नकोस.

ज्याला तो ‘कोर्स’ म्हणतो, ते सहसा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच जातीचं अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड असतं. काही आजारांत डॉक्टर ते देतात, आणि त्यानं स्नायू वाढतात हेही खरं आहे. नुसतं ‘भोंदूगिरी आहे’ म्हणून मी तुला थांबवलं असतं, तर जिममधला एखादा फुगलेला दंड पाहून तू मला खोटं ठरवलं असतंस. पण आत काय होतं ते तो माणूस तुला सांगणार नाही. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना संदेश पाठवायचं थांबवते. वृषणं आकसतात. शुक्राणू कमी होतात, काहींचे तर पार नाहीसे होतात. कोर्स संपल्यावर शरीराचं स्वतःचं काम पुन्हा मार्गी लागायला कित्येक महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त लागतं, आणि काहींचं पूर्वीसारखं होतच नाही. त्या मधल्या काळात अंगात टेस्टोस्टेरॉन जवळपास नसतं. थकवा येतो, मन उदास होतं, कमावलेला दंड उतरायला लागतो. दंडासाठीच जीव टाकणारा मुलगा अशा वेळी काय करतो? दुसरा कोर्स घेतो. या औषधांची सवय लागते ती इथून.

आणखी एक गोष्ट खास तुझ्यासाठी. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. त्यामुळे पुरुषाच्या छातीवर स्तनासारखी गाठ वाढू शकते, आणि औषध थांबवल्यावर ती जातेच असं नाही, कधी कधी शस्त्रक्रिया करून काढावी लागते. पाठीवर आणि खांद्यांवर मोठमोठ्या पुटकुळ्या येतात. म्हणजे ज्या छातीची तुला लाज वाटते तिच्यावरच हे उठणार. न दिसणारं वेगळंच: रक्तदाब चढतो, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्या घेतल्या तर यकृतालाही इजा होते. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तेव्हा जिमच्या बॅगेतून निघणाऱ्या कुपीत नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सुई दोघांत वापरली गेली तर हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचा धोका आहेच. पत्र पाठवल्यानंतर तू एखादं टोचून घेतलं असशील, तर घाबरून लपवू नकोस. डॉक्टरकडे जा, औषधाचं नाव सांग, कुपी असेल तर ती घेऊन जा.

आता मूळ दुखण्याकडे येते. तू बारीक आहेस. हे मी गोड बोलून झाकणार नाही. 52 किलो आणि 5 फूट 8 इंच म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, साडेसतराच्या आसपास येतो, आणि 18.5 च्या खाली तो कमी धरतात. पण तुझ्याएवढ्याच अंगाचे कितीतरी मुलगे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये अर्ध्या बाह्यांत बसून पाव-भाजी खात असतात. त्यांनाही अधूनमधून आपण बारीक आहोत असं वाटत असणार, पण त्यांचा दिवस त्यात जात नाही. तुझा जातो. हा फरक अंगाच्या मापातून आलेला नाही. ती चिंता उठली की तू जे करतोस, त्यातून तो आलाय.

यावर अभ्यास झालेला आहे, आणि तोही तुमच्यासारख्या कॉलेजच्या मुलामुलींवर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस कॅश यांनी आयुष्यभर शरीरप्रतिमेवर, म्हणजे आपल्या अंगाबद्दल आपल्या मनात काय असतं यावर काम केलं. 2005 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. दिसण्याबद्दल मनाला टोचणी लागली की माणसं काय करतात, हे तिच्यातून तपासलं. उत्तरांमधून तीन तऱ्हा निघाल्या. पहिली टाळण्याची: तो विषय नको, आरसा नको, माणसं नकोत. दुसरी डागडुजीची: झाकायचं, बदलायचं, मापायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं. तिसरी तऱ्हा अशी की टोचणी आली तर तिच्याकडे जरा शांतपणे बघायचं, ती येऊन जाते हे ध्यानात घ्यायचं, स्वतःशी नीट वागायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. पहिल्या दोन तऱ्हांवर ज्यांची भिस्त होती, ती मुलं आपल्या अंगाबद्दल जास्त असमाधानी होती. तिसऱ्या तऱ्हेची मुलं बरी होती.

तुझं पत्र या चष्म्यातून पुन्हा वाचलं. जॅकेट, सोडलेला फुटबॉल, व्हाळ, फोटोच्या वेळी हातात घेतलेला फोन, ही सगळी पहिली तऱ्हा. दोन वेळची जिम, टेप, पावडर आणि आता दारात उभं असलेलं इंजेक्शन, ही दुसरी. तू आळशी नाहीस की भित्रा नाहीस. उलट हॉस्टेलवर आल्यापासून तू या चिंतेवर प्रचंड मेहनत घेतोयस. फक्त ती सगळी या दोन वाटांवर गेली, आणि या वाटांचा गुण असा की लगेच बरं वाटतं. जॅकेटची चेन वर ओढली की छातीतली धडधड कमी होते. पण त्याच क्षणी मन एक गोष्ट शिकतं: धोका खरा होता आणि जॅकेटनं वाचवलं. पुढच्या वेळी जॅकेट नसेल तर धडधड दुप्पट. सावकाराकडून घेतलेल्या पैशासारखं आहे हे, आजची नड भागते आणि मुद्दल वाढत राहतं.

टेपचंही तसंच. दंडाचा घेर सकाळी वेगळा, व्यायामानंतर वेगळा, टेप जरा सैल धरली तरी वेगळा. स्नायू एका दिवसात वाढत नाही, त्यामुळे रोज मापणाऱ्याला रोज निराशाच मिळते. आणि अंगाचा एकच भाग जवळून, टक लावून बघत राहिलं की तो जास्तच खटकायला लागतो. कोणताही भाग खटकतो. पंधरा मिनिटं स्वतःच्या कानाकडे बघितलंस तर कानही वाईट दिसेल.

मग आरशासमोरचं ते वाक्य. ‘मी देखणा आहे, मी बलवान आहे.’ ते खोटं वाटतं म्हणून तू स्वतःला दोष देत असशील, आपली इच्छाशक्ती कमी आहे असं वाटत असेल. तसं नाही. 2009 मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हे तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. मन लगेच उलट साक्ष काढतं ना: ‘बलवान? मग गालमो का म्हणतात?’ तेव्हा ते वाक्य आजपासून बंद कर. तिसऱ्या तऱ्हेत खोटं बोलावं लागत नाही. तिथलं वाक्य खरंच असावं लागतं: ‘माझे हात बारीक आहेत. आत्ता मला त्याचं वाईट वाटतंय. हे वाटणं थोड्या वेळानं ओसरेल. मला आता लॅबमध्ये जायचंय.’ यात देखणेपणाचा दावा नाही, त्यामुळे मनाला भांडायला काही उरत नाही. अंगावर प्रेम कर असं मी तुला सांगणारच नाही. अंगाशी शत्रुत्व नको, एवढं पुरे.

आणि त्याच अंगानं तू काय काय करतोस याची आठवण ठेव. तू लिहिलं नाहीस, पण पेडण्यातल्या घरात वाढलेल्या मुलाला आरतीत घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं वाद्य, नाहीतर झांज हातात घ्यावीच लागते. तासभर आरत्या चालतात, घुमटाच्या तोंडावर बोटं बडवून बडवून लाल होतात, तरी ताल सुटत नाही. ते तुझेच बारीक हात. नेदरलँड्समध्ये जेसिका अलेव्हा यांनी तरुण मुलींना आपलं शरीर काय काय करतं, आणि ते आपल्याला का मोलाचं वाटतं, यावर थोडं थोडं लिहायला लावलं. एवढ्या लिहिण्यानंही त्यांचं आपल्या शरीराबद्दलचं मत सुधारलं. 2015 सालचा हा अभ्यास आहे. तो मुलींवरचा असला तरी वही-पेन मुलग्यांनाही चालतं. एक संध्याकाळ बसून लिही.

आणखी एक अभ्यास, कारण तो वाचून मला तुझ्यासारख्या पुष्कळ मुलांची आठवण येते. हॅरिसन पोप नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या वयाच्या मुलांना संगणकावर पुरुषांच्या देहाची चित्रं दाखवली. तुला स्वतःला कसं व्हायला आवडेल, आणि स्त्रियांना कसा पुरुष आवडत असेल, असं विचारलं. तिन्ही देशांतल्या मुलांनी स्वतःपेक्षा सुमारे 13 किलो जास्त स्नायूंचा देह निवडला, आणि स्त्रियांना त्याहूनही किंचित जास्त आवडत असेल असा अंदाज केला. मग स्त्रियांना विचारलं, तर त्यांनी साधा, नेहमीचा देह निवडला. 2000 साली हा अभ्यास छापून आला. तेव्हा मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हते. आता म्हापशापासून मडगावपर्यंतच्या जिमांचे उघड्या अंगाचे फलक आणि वर दिवसरात्र फिरणारी रील्स, यांतून तुम्ही ‘लोकांना काय हवंय’ याचा जो अंदाज बांधता तो केवढा फुगलेला असेल, याचा विचार कर. तुला रीलमध्ये दिसणारा माणूस प्रकाश, कोन, दिवसभराची उपासमार आणि पुष्कळदा तेच इंजेक्शन घेऊन उभा असतो. अशी दहा-बारा खाती असतील, ती काढून टाक.

वजन वाढवायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. वाढव, पण नीट. आधी तपासणी. मनापासून खाऊन, व्यायाम करूनही वजन जागचं हलत नसेल तर थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन एकदा बघून घ्यावं, जंतांचंही विचारावं. खोकला, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणीही. जवळच्या आरोग्य केंद्रात हे सगळं सांगता येतं. सगळं ठीक निघालं, आणि बहुधा निघेलच, तर जिम दोन वेळची बंद कर. आठवड्यातून तीन दिवस, वजनं उचलायचा व्यायाम, तासाभराचा. स्नायू वाढतो तो विश्रांतीत. मेसचं अर्धपोट जेवण आणि दोन वेळची जिम, म्हणजे जे खाल्लं ते तू तिथेच जाळून टाकतोयस. तुझ्या वजनाला दिवसाला 80 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं भरपूर झाली. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात, बांगड्याच्या 100 ग्रॅम मासात 19-20, पेलाभर दुधात 8. अळसांद्यांचं (चवळीच्या जातीच्या कडधान्याचं) तोंडाक, डाळ, शेंगदाणे यांनी बाकीचं भरून निघतं. सकाळच्या पावाबरोबर दोन अंडी आणि रात्री झोपताना दूध, एवढी सुरुवात कर. ‘मास गेनर’ म्हणून जे डबे तू घेतलेस त्यांत बहुतांश साखरेच्या जातीची पिठूळ पावडर असते. नीट खाऊन महिन्याला अर्धा ते एक किलो वाढ मिळाली तरी ती चांगली. म्हणजे चवथीपर्यंत दिसण्यात काही फरक पडणार नाही. तू याच अंगानं पूजेला बसणार आहेस, हे आत्ताच मान्य कर. मग तयारीचं बोलता येईल.

निमित्त काढून घरी न जाण्याचा विचार सोड. तू नाही गेलास तर पूजा थांबणार नाही, कोणीतरी चुलतभाऊ बसेल. पण ‘मी बसूच शकत नाही’ हे तुझ्या मनात पक्कं होईल, आणि पुढच्या वर्षी ते आणखी जड जाईल. पुढे कधी तुझ्या लग्नाच्या हळदीलाही अंग उघडं टाकावं लागेल. टाळत गेलं तर यादी लांबतच जाणार.

तेव्हा चवथीआधीचा हा महिना वापर. सोप्यापासून सुरू कर. हॉस्टेलच्या खोलीत पंखा लावून बनियनशिवाय बस, रूममेट असताना. दोन-तीन दिवसांत ते अंगवळणी पडेल. मग जॅकेट खोलीत ठेवून कँटीनला जा, आधी गर्दी नसताना, मग दुपारी सगळे असताना. मग एक ग्रुप फोटो दुसऱ्याला काढू दे आणि तू मधे उभा राहा. गावी गेल्यावर जर्सी घालून अर्धा तास का होईना मैदानात उतर. शेवटी व्हाळ. प्रत्येक वेळी निघण्याआधी फोनमध्ये दोन ओळी लिही, ‘काय होईल असं मला वाटतं’. ‘सगळे बघतील, कोणीतरी बोलेल, मला पळून यावं लागेल’, जे वाटेल ते. परत आल्यावर खरं काय झालं ते लिही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: धडधड वाढली की तिथून उठू नकोस. हात छातीवर आडवे घेऊ नकोस. थांबलं की ती आपोआप उतरायला लागते, आणि उतरताना तू तिथंच असशील तरच मनाला कळतं की यात धोका नव्हता. एखादा दिवस फसेल, कोणीतरी खरंच काहीतरी बोलेल. मग त्या पायरीवर आणखी दोनदा जा, पुढची घाई नको.

उपरण्याचं विचारशील म्हणून सांगते. सोवळ्यावर खांद्यावर उपरणं घेतात तसं तूही घे. पण ते छातीवरून गुंडाळून, पिन लावून, हलणार नाही असं बसवू नकोस. आचमन करताना, फुलं वाहताना ते घसरतं. घसरू दे. पूजेत भटजी एकामागून एक सांगत असतात, पळीभर पाणी सोडा, अक्षता घ्या, दूर्वा घ्या. त्यात लक्ष घातलंस तर मागे कोण बसलंय हे आठवायला फार सवड मिळणार नाही. डोक्यात ‘मागून माझ्या फासळ्या दिसतायत’ हा विचार येईल. येऊ दे, त्याला उत्तर देत बसू नकोस, भटजींचा पुढचा शब्द ऐक. बाबा त्या दिवशी खुर्चीवर बसून बघत असतील. ते काय बघत असतील असं तुला वाटतं?

आता ते नाव. आपल्याकडे चवथीला घरात पाऊल टाकलं की पाणी विचारायच्या आधी ‘कितलो बारीक जाला रे तूं!’ असं कानावर पडतं. काकी-मावश्या ते मायेनंच म्हणतात, पण माया असली म्हणून लागत नाही असं नाही, आणि अंगावरून बोलायची ही आपल्या घरांतली सवय मला अजिबात आवडत नाही. मुलीला ‘जाडी झालीस’, मुलाला ‘वाळलास’, आणि मग त्याच ताटात आग्रह. हे वाचणाऱ्या काकी-मामांना माझी विनंती आहे, यंदा पोरं दारात आली की त्यांना ‘प्रवास कसा झाला’ एवढं विचारा. तू मात्र सगळ्या काकींना बदलायला जाऊ नकोस. हसून ‘बरा आहे मी’ म्हण आणि माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला हात लाव. पण ज्या चुलतभावानं ते नाव पाडलं किंवा जो ते सगळ्यात जास्त वापरतो, त्याला चवथीआधी फोन कर. सगळ्यांसमोर नको, एकटा असताना. ‘दादा, मला त्या नावानं हाक मारू नको. दहावीपासून ते मला लागतं, आधी बोललो नाही.’ एवढंच, खुलासा नको, भांडण नको. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त भाऊ एवढ्यावर थांबतात, कारण आपण काही वाईट करतोय हे त्यांना माहीतच नसतं. नाही थांबला तर निदान तुझी बाजू त्याला कळलेली असेल.

हे सगळं एकट्यानं करावं असं मात्र मला वाटत नाही. आपण फार बारीक आहोत, स्नायू पुरेसे नाहीत, या विचारात दिवसाचा मोठा भाग जाणं, त्यापायी अभ्यास, पैसे, माणसं मागे पडणं, याला वैद्यकात नाव आहे. मसल डिसमॉर्फिया. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-5’ या वर्गीकरणात देहप्रतिमेच्या विकाराचा एक प्रकार म्हणून त्याची नोंद झाली. तुला तो आहे असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही, म्हणायला नकोच. पण चुकवलेली मीटिंग, आईकडून दुसऱ्या नावानं घेतलेले पैसे आणि इंजेक्शनपर्यंत गेलेला विचार, एवढं एखाद्या जाणत्या माणसाला सांगण्यासारखं नक्की आहे. त्यावर उपचार आहेत. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी आहे, मी वर सांगितलेल्या पायऱ्या तिच्यातूनच घेतलेल्या आहेत, आणि गरज पडली तर औषधंही आहेत. ताळगावच्या पठारावरून बांबोळी लांब नाही. तिथल्या मनोविकार संस्थेत, ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात, ओपीडी चालते. ‘बांबोळीला गेला’ या शब्दांची भीती मनात असेल तर आधी विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जा. तेही जमत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, दिवसरात्र कधीही लागतो. कधी जगणं नकोसं वाटलं, तर त्याच क्षणी हा फोन कर आणि रूममेटला उठव. तू तसं लिहिलं नाहीस, पण विचारल्याशिवाय मला पत्र बंद करता येत नाही: असं काही वाटतं का रे? वाटत असेल तर उद्यावर टाकू नकोस.

राहिला आईचा प्रश्न. सांग. फोनवर नको, चवथीच्या गर्दीतही नको. त्याआधीच्या एखाद्या रविवारी घरी जा, ती स्वयंपाकघरात एकटी असेल तेव्हा. ‘प्रोजेक्टचे म्हणून घेतलेले पैसे मी पावडरवर घातले, मला माझ्या अंगाची लाज वाटत होती’ असं एका वाक्यात सांग, नाहीतर अर्धंच बोलून थांबशील. ती चिडेल, पैशांबद्दल चिडायचा तिला हक्क आहे. बाबांच्या ऑपरेशनच्या वर्षात 14 हजार ही लहान रक्कम नव्हे, तेव्हा महिन्याला 500 का होईना परत देईन म्हण आणि दे. पुढच्या जेवणात ती तुझ्या ताटात जरा जास्तच भात वाढेल. तेव्हा रागावू नकोस, जेवढा जातो तेवढा खा आणि बाकीचा नको म्हण.